“सर, बराबर आसा मां?”

“बाई, ही केस वेगळी आसा.”

पहिला प्रश्न विभागप्रमुखांना असायचा, दुसरं वाक्य मला. ते कानावर आलं की मी हातातला चहा खाली ठेवायचे. स्टाफरूमच्या दारात आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबचे असिस्टंट उभे असायचे. अंगात ॲसिडने भोकं पडलेला खाकी ॲप्रन, हातात लाकडी टेस्टट्यूब होल्डर. दारावर टकटक करायची ती त्या होल्डरने. सगळं कॉलेज त्यांना काका म्हणायचं. प्रिन्सिपॉलसुद्धा, आणि प्रिन्सिपॉल त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे होते.

अंधेरीच्या त्या कॉलेजात मी नुकतीच लेक्चरर म्हणून लागले होते. ऐंशीचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. नव्या माणसाच्या गळ्यात जुन्यांना नको असलेली कामं कशी पडतात, हे तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेलच. आमच्या विभागप्रमुखांनी मला एक फाईल दिली. वर लिहिलं होतं, ‘अपंग विद्यार्थी – सवलती’. आत युनिव्हर्सिटीचं सायक्लोस्टाइल केलेलं एक परिपत्रक आणि एक मेलेलं झुरळ. परिपत्रकाचा मतलब असा, की एखाद्या विद्यार्थ्याला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, तो हातापायाने अधू असेल, तर स्टाफने त्याचं नाव प्रिन्सिपॉलना कळवावं, सोबत सरकारी डॉक्टरचा दाखला जोडावा. मग लेखनिक, जादा वेळ, जी लागेल ती सोय युनिव्हर्सिटी देईल. सूचनावहीबरोबर हे परिपत्रक साऱ्या कॉलेजात फिरलं होतं. सह्या सगळ्यांनी केल्या होत्या. वाचलं होतं एकट्या काकांनी.

“काका, पण नाव कळवायचं काम टीचरचं ना?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“टीचर खंय लिवला हा? स्टाफ लिवला हा.” त्यांनी होल्डर स्वतःच्या छातीला लावला. “मी स्टाफ.”

काका मूळचे कुडाळच्या बाजूचे. वडील गिरणीत होते, हे कॉलेजात चिकटले, बिऱ्हाड जोगेश्वरीच्या चाळीत. ऑफिसात ते अगदी पुस्तकी बोलत, पण विषय जिव्हाळ्याचा निघाला की मालवणीवर येत. माझ्याशी पहिल्या महिन्यातच मालवणीत बोलू लागले, तेव्हा मला बढती मिळाल्यासारखं वाटलं होतं.

त्यांच्या सगळ्याच केसेस खऱ्या निघत असं मात्र नाही. एकदा एका मुलाला ऐकू येत नाही म्हणून घेऊन आले. नाव घेऊन तीनदा हाक मारली तरी मागे वळत नाही, हा पुरावा. मुलगा मुकाट्याने उभा. मी फॉर्म भरला, त्याला हॉस्पिटलात पाठवलं, तोही निमूट जाऊन कान तपासून आला. कान ठणठणीत. पुढच्या आठवड्यात त्या नावाचा खरा मुलगा उगवला तेव्हा उलगडा झाला. हा नुसता त्याची प्रॉक्सी द्यायला येत होता आणि घेतलेलं नाव आपलं आहे हे दर वेळी विसरत होता.

एका मुलीचे पिपेट धरताना हात थरथरतात म्हणून चिठ्ठी आली. दोन दिवसांनी दुसरी चिठ्ठी आली: ‘हात फक्त सर जवळ आल्यावर थरथरतात. केस वेगळी नाही. सर वेगळे आहेत.’ ती चिठ्ठी मी फाडून टाकली, कारण सर म्हणजे विभागप्रमुख आणि त्यांची केबिन स्टाफरूमला लागूनच होती.

सर खरोखरच कडक. बारा महिने सफारी सूट. लॅबमध्ये कोणी बसायचं नाही हा त्यांचा नियम. पोलिओमुळे पायाला कॅलिपर लावणाऱ्या एका मुलाला काकांनी परस्पर उंच स्टूल दिलं, तेव्हा केवढा आरडाओरडा झाला. काकांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि फॉर्म पुढे केला. सरांनी सही केली. कारण काकांवर त्यांचा जीव होता. रोज सकाळी काका नवीन बनवलेलं सोल्यूशन बाटलीत घेऊन केबिनमध्ये जात, उजेडात धरत आणि विचारत, “सर, बराबर आसा मां?” सर चष्म्यावरून बघत आणि मान डोलवत. कधी म्हणत, “जरा गडद झालं.” काका पुन्हा करून आणत. आम्हा नव्या लोकांना सर नेहमी सुनवायचे, “बावीस वर्षं झाली, पण हा माणूस मला विचारल्याशिवाय एक बाटली मांडणीवर ठेवत नाही. याला म्हणतात नम्रपणा!”

आणि मग दिनेशची केस आली.

दिनेश टी.वाय.चा मुलगा. थिअरीत हुशार, प्रॅक्टिकलला मात्र सतत शेजाऱ्याच्या टेबलाकडे कललेला. प्रिलिममध्ये सरांनी त्याला शेजारच्या मुलाशी कुजबुजताना पकडलं. कॉपी! जर्नलवर सही करणार नाही म्हणाले. सही नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. दिनेश जर्नल उचलून निघून गेला.

दुपारी होल्डर वाजला. “बाई, ही केस वेगळी आसा. पोरगो कॉपी करणा नाय. रंग इचारता.”

मी दिनेशला बोलावलं. बुटांकडे बघतच तो म्हणाला, “मॅडम, मला लाल-हिरवं सेमच दिसतं. प्लीज, घरी नका सांगू.”

“का रे?”

“पप्पा घाटकोपरला रंगाच्या कारखान्यात आहेत. मला तिथेच लॅबमध्ये लावणारेत.”

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. फॉर्म भरून मी सरांकडे गेले. काका मागोमाग आलेच.

“रंग दिसत नाही, मग केमिस्ट्रीला आला कशाला?” सरांनी फॉर्म परत सरकवला. “आणि परिपत्रकात आंधळे, बहिरे, लंगडे आहेत. रंगाचं कुठे आहे? पकडला गेला म्हणून थापा मारतोय. सहा महिने मुलं ज्या लॅबमध्ये काम करतात, तिथे असं काही लपून राहतं का?”

“बावीस वर्षां ऱ्हवता, सर,” काका म्हणाले.

“काय?”

“माका पण दिसणा नाय.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या पीरियॉडिक टेबलकडे बघितलं.

“अहो, मग इंडिकेटर्स? सोल्यूशन्स? बावीस वर्षं कोण बनवतंय?”

“मीच. वजन, माप, लेबल, बाटलीची जागा. त्येका रंग कशाक होयो?”

“आणि रंग चुकला तर?”

“रंग तुमी बघत होतात ना, सर. रोज सकाळी.”

सरांचा हात टेबलावरच्या बाटलीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. काकांच्या नोकरीला अजून चार वर्षं बाकी होती, मुलीचं लग्न व्हायचं होतं, आणि त्यांचा गोपनीय अहवाल हाच माणूस लिहायचा. हे सगळं मला तिथे उभं असताना सुचलं. त्यांना ते दार लोटून आत येण्याआधीच सुचलेलं असणार.

“म्हणजे,” सर हळूहळू म्हणाले, “बावीस वर्षं मी तुम्हाला कॉपी देत होतो?”

“होय, सर.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फॉर्मवर सही केली, इतक्या जोरात की खालच्या कागदावरही ती उमटली.

दाखल्यासाठी मी दिनेशला सरकारी हॉस्पिटलात नेलं. काकाही आले. “आयुष्यात एकदा बघूया तरी, काय दिसणा नाय ता,” म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी रंगीत ठिपक्यांचं एक पान उघडलं. ठिपक्यांत दडलेला आकडा मला स्वच्छ चौऱ्याहत्तर दिसत होता.

“एकवीस,” दिनेश म्हणाला.

“एकवीसच,” काका म्हणाले.

“चौऱ्याहत्तर,” माझ्या तोंडून निघून गेलं.

दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं. काकांच्या नजरेत खरीखुरी काळजी होती. “बाई, तुमचो चष्मो बदलूक होयो.”

परत येताना मी विचारलं, “काका, इतकी वर्षं कोणालाच कसं सांगितलं नाहीत?”

“पोरांचा स्टाफने कळवूचा,” ते म्हणाले. “स्टाफचा कोण कळवतलो? आणि सांगून? लॅबात कोण ठेवतलो माका?”

महिन्याभराने युनिव्हर्सिटीचं उत्तर आलं. विशेष बाब म्हणून परवानगी! विद्यार्थ्याने विचारल्यावर प्रयोगशाळा सहाय्यकाने त्याला रंग तोंडी सांगावा. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि काकांकडे पाहिलं. मग ते जे हसायला लागले, ते थांबेचनात. बावीस वर्षांत त्यांना हसताना पाहिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बाहेरच्या शिपायाला वाटलं, काहीतरी सांडलं.

शेवटी बायॉलॉजीच्या लॅबमधल्या बाईंना बोलावलं. त्या सहाय्यक होत्या, केमिस्ट्रीतलं काही कळत नसल्याने उत्तर फोडायचीही भीती नव्हती, म्हणजे अगदी नियमात बसत होत्या. फक्त रंगांची त्यांची सगळी ओळख साड्यांच्या दुकानातली. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक बाजूला उभे, आणि बाई बर्नरच्या ज्योतीकडे बघून म्हणाल्या, “मोरपंखी!”

दिनेशने डोळे मिटले. मोर कसा असतो, निळा की हिरवा, हे त्याने कोणाकडून तरी ऐकलं असणार. ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखायचा होता; त्याने ‘कॉपर’ लिहिलं. बरोबर होतं.

टायट्रेशनला तर कहरच झाला. थेंब थेंब टाकताना बाई गप्प, गप्प, आणि एकदम, “झालं रे, गुलबक्षी झालं!”

“बाई, गुलबक्षी म्हणजे गडद ना?” दिनेश रडकुंडीला आला. “फिकट गुलाबी झालं की सांगायचं होतं!”

“फिकट मघाशीच झालं. मला वाटलं, तुला खुलणारा हवाय.”

परीक्षकांनी तोंडावर रुमाल धरला आणि त्याला पुन्हा करू दिलं. मी बाहेर आले तर काका व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे. आतलं सगळं ऐकू येत होतं, पण आत पाऊल टाकत नव्हते. दिनेश पास झाला. लागला तो रंगाच्याच कारखान्यात, पण स्टोअर्समध्ये. तिथे डब्यांवर नावं छापलेली असतात.

सरांनी गोपनीय अहवालात काय लिहिलं, मला माहीत नाही. काकांची नोकरी शेवटपर्यंत टिकली, एवढं खरं. आणि सर आता नुसती मान डोलवत नसत. बाटलीकडे बघून मोठ्याने रंग सांगत. मग थोडा विचार करून, तो कशासारखा असतो तेही सांगायचा प्रयत्न करत. ते त्यांना फारसं जमत नसे.

काका रिटायर झाले आणि त्यांनी गावी जायचं ठरवलं. मी बोरिवलीच्या एस.टी. स्टँडवर निरोप द्यायला गेले होते. ते ट्रंक टपावर चढवून घेत होते, तेवढ्यात काकूंनी मला बाजूला ओढलं.

“बाई, तुमका ह्येंचा कधी कळला?”

“दिनेशच्या वेळी. आणि तुम्हाला?”

“लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. माझो हिरवो चुडो बघून म्हणाले, लाल बांगड्यो शोभतत तुका.” त्या हसल्या. “कोणाक सांगूक नाय. माझ्या आवशी-बापाशीक पण नाय.”

काका आले, दोघं आत जाऊन बसली. काकूंनी मांडीवरच्या पिशवीतून केळ्यांची फणी काढली, दोन हिरवट केळी बाजूला ठेवली आणि तिसरं, पिकलेलं, त्यांच्या हातात दिलं. काकांनी त्याच्याकडे न बघता सोलायला घेतलं. खिडकीतून ते मला काहीतरी सांगत होते, पण गाडी सुरू झाली होती आणि त्यांच्या तोंडात केळं होतं.