मानखुर्दची चालू लिफ्ट

आमच्या अंधेरीच्या कंपनीचा धंदा म्हणजे लोकांना शहाणपण विकणं. एरवी अहवाल विकायचो, त्या वर्षी चक्क एक सहल विकली. पूर्व युरोपातल्या एका देशाला कम्युनिस्ट राजवटीत बांधलेल्या सिमेंटच्या चाळी पाडून नवी घरं उभारायची होती. कर्ज देणाऱ्या संस्थेची अट अशी, की तिथल्या अधिकाऱ्यांनी आधी दुसऱ्या एखाद्या देशात झालेलं पुनर्वसन डोळ्यांनी बघून यावं. ते बघायला आमच्या साहेबांनी मानखुर्दची एक इमारत निवडली. जन्मभर मुंबईत राहूनही ज्याला हे सुचतं, त्याच्या निर्लज्जपणाला दाद द्यायलाच हवी.

रुळांलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या लोकांसाठी ती इमारत बांधलेली. लिफ्टची वीज कापलेली, त्यामुळे ती कित्येक महिने बंद. साहेबांनी लग्नाच्या मंडपवाल्याचा जनरेटर एका सकाळपुरता आणला आणि जिन्याला तिसऱ्या मजल्यापर्यंत ऑइलपेंट मारून घेतला. दाखवायची खोली तिसऱ्यावर होती, त्याच्या वर पाहुणे कशाला जातील!

लिफ्ट चालू झाली म्हटल्यावर सातव्या मजल्यावरच्या एका सुनेने मात्र पाहुण्यांची वाट पाहिली नाही. तिच्या सासऱ्याचं एक अंग लुळं पडलेलं, लिफ्ट बंद झाल्यापासून तो खाली उतरलाच नव्हता. शेजाऱ्यांना हाताशी धरून तिने त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट खाली आणलं आणि आवारात उन्हात बसवलं. मूळचा मालवणकडचा माणूस. "किती दिसांनी आंगार ऊन घेतलंय," तो मला म्हणाला आणि डोळे मिटून बसला.

साहेब आधी त्या दोघांवर वैतागले. पण पाहुण्यांची बस आत शिरली, तसा त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला किळस आली. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, आमचे ज्येष्ठ नागरिक रोज लिफ्टने असे खाली येऊन बसतात. फोटो निघाले. पाहुण्यांची प्रमुख, एक केस पिकलेली इंजिनीअर बाई, फोटोत आली नाही. ती जिन्याच्या भिंतीला बोट लावून वास घेत होती. मग तिची नजर वायरीवरून जनरेटरपर्यंत गेली. हिला कळलंय, असं वाटून मला मनातून फार बरं वाटलं.

पाहुणे बसमध्ये चढायला लागताच मंडपवाल्याने जनरेटर बंद केला. त्याला मुलुंडला एका साखरपुड्याला पोचायचं होतं. सून धावत माझ्याकडे आली.

"ताई, आधी बाबांना वर नेऊ द्या ना. पाचच मिनिटं थांबवा त्याला."

मी मंडपवाल्याला विनवलं, तर तो साहेबांकडे बोट दाखवून वायर गुंडाळत राहिला. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले की ते आपल्या कामात बसत नाही, पाहुण्यांसमोर तमाशा नको, तू आधी बसमध्ये चढ.

त्या बाईशेजारची जागा मोकळी होती. मी बसल्याबरोबर तीच बोलायला लागली. त्यांच्याकडे जुन्या राजवटीत मंत्री यायचा असला की असाच रंग लागायचा, त्याची नजर पोचेल तेवढाच. तो वास ती जन्मात विसरणार नव्हती. आता ही बस थांबवेल, साहेबांचे वाभाडे काढेल, कर्ज देणाऱ्यांनाही चार शब्द सुनावेल, अशी मी वाट बघत होते. बाई पुढे झुकली आणि तिने साहेबांच्या खांद्यावर टकटक केलं. लवकरच कर्ज देणारे तिच्या शहरात येणार होते. तिलाही त्यांना असंच काहीतरी दाखवायचं होतं.

"तो म्हातारा कुठून मिळवलात?" तिने विचारलं. "अगदी खरा वाटला."

साहेब खूश होऊन हसले. बस फाटकातून बाहेर पडत होती, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. आवारातलं ऊन खुर्चीवरून सरकलं होतं, आणि चार माणसं म्हाताऱ्याला सात मजले कसं चढवायचं ते ठरवत उभी होती.