पिंकसचं पोट

गिटल पोमेरान्झला स्वच्छतेचं वेड होतं. धुतलेली बशी ती पुन्हा धुवायची. नवऱ्याने एकदा टोपी खुर्चीवर ठेवली आणि तो हात धुऊन येईतो टोपीही साबणाच्या पाण्यात बुडाली होती.

नोकरीही तिला तशीच मिळाली. काप्लोसाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये हलत्या चित्रांचा छोटा कारखाना काढला होता. चित्रं सेल्युलॉइडच्या पातळ, पारदर्शक पत्र्यांवर काढायची. ते पत्रे महाग, म्हणून कॅमेऱ्याने फोटो घेतला की चित्र धुऊन टाकायचं आणि त्याच पत्र्यावर नवं काढायचं. धुणं गिटलकडे होतं. नवरा बेकार असल्याने घर त्यावरच चालायचं.

साहेबांचा नायक पिंकस नावाचा टोपीवाला बोकड. कष्ट वाचावेत म्हणून त्याचं पोट एका पत्र्यावर, पाय आणि डोकं वेगळ्या. पहिला मुका, काळापांढरा खेळ थिएटरवाल्या स्कार्पाला आवडला, तर तो दरमहा एक घेणार होता. नाहीतर कारखान्याला कुलूप.

खेळाच्या आदल्या दिवशी ज्यूंचा पेसाखचा सण तोंडावर होता. घरात पावाचा कणही उरता कामा नये, म्हणून गिटलने घर उलटंपालटं केलं होतं. कारखान्याला हा नेम लागू नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण हात ऐकतील तर ना. टेबलावर पत्र्यांची एक चळत होती आणि तिच्यावर पावाचा चुरा, मोहरीच्या चटणीने घट्ट चिकटलेला. फोटो झालेत की नाही हे न बघताच तिने सगळी चळत लख्ख केली.

"बाई, माझ्या बोकडाचं पोट कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"धुतलं. त्यावर पाव होता."

"कुणाचा पाव?"

कॅमेरावाला साहेबांच्या मिशीकडे बघत राहिला. मिशीला मोहरी लागली होती. त्यावर साहेब आणखीच भडकले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. पुन्हा रंगवायला वेळ नव्हता, म्हणून उरलं होतं तेवढ्याचेच फोटो घेतले.

दुसऱ्या दिवशी गिटल आपला एप्रन पिशवीत घालून थिएटरात मागे बसली. आपण काय घालवलं ते तिला बघायचं होतं. पडद्यावर कुत्रा आला आणि पिंकसचं पोट गायब झालं. चार पाय सुसाट पळत होते, वर टोपीतलं डोकं निवांत रवंथ करत होतं. स्कार्पा मांड्या बडवत हसला. पियानोवाल्याला वाजवणं जमेना.

"भीतीने पोटात गोळा येतो ऐकलं होतं, इथं पोटच गेलं," डोळे पुसत स्कार्पा म्हणाला. "सुचलं कुणाला?"

साहेबांनी टाय सारखा केला. "सुचतं असं कधीकधी."

नोकरी गेली ते गिटलने गिळलं असतं, पण खोटेपणाचा डाग तिला बघवेना. ती उभी राहिली. "सुचलं कसलं? मी धुतलं."

सगळी हकीकत ऐकून स्कार्पा पुन्हा हसत सुटला. ही बाई कामावर असेल तरच दरमहा खेळ घेईन, असं त्याने बजावलं.

पुढच्या महिन्यात साहेब स्वतः धुण्याच्या मोरीपाशी आले. आवाजात लोणी होतं. "बाई, या वेळी काय घालवू या? शेपूट की शिंगं?"

गिटलने एप्रनची गाठ मारली आणि चित्रांच्या टेबलाकडे बोट केलं.

"साहेब, तुम्ही आधी तिथं बसून जेवा. मग बघते."