बिनफोडणीचं वरण

मामा गेल्याचा निरोप घेऊन त्याची सून आली, तेव्हा माय शेंगा फोडत बसली होती. सून दारातच उभी राहिली. आमच्या घरात पाऊल टाकायची त्या घराला सवयच नव्हती. मायनं ऐकलं, मान हलवली आणि शेंगा फोडतच राहिली. असा संताप आला मला... सख्खा भाऊ गेला होता तिचा, पुंडलिकनगरात दोन गल्ल्या पलीकडं राहणारा.

शंकरमामा निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर बलदियात, म्हणजे आताच्या म्युनिसिपालिटीत, देवीची लस टोचायच्या कामाला लागला. तो दिसला की लोक दारं लावायचे, लेकरं दडवायचे. सरकारी माणूस आला म्हणजे काहीतरी न्यायलाच आला, अशी धास्ती होती तेव्हा. आणि गावभर टोचत हिंडणाऱ्याची सख्खी भाची बिनटोचलेली! देवीचा कोप होईल म्हणून माय मला त्याच्या हाती लागू देत नव्हती.

सात वर्षांची असताना मला देवी आल्या. मायनं मला आतल्या खोलीत गोधड्यांच्या आड निजवलं. घरात देवी आल्याची खूण म्हणून दाराला बांधतात तो कडुलिंबाचा डहाळासुद्धा बांधला नाही. मामाला कळलं तर पोरीला गावाबाहेरच्या बांबूच्या तट्ट्यांच्या खोल्यांत नेतील, आणि तिथं गेलेलं माणूस परत येत नाही, असं अख्खी गल्ली म्हणायची. मामा नेमका जेवायच्या वेळेला आला. मायनं वाढलं. दोन घास खाऊन त्याचा हात थांबला. वरणाला फोडणी नव्हती. घरात देवी असली की फोडणी देत नाहीत. मायनं सगळं लपवलं, पण तो नेम मोडायचं धाडस काही तिला झालं नाही.

“पोरगी कुठंय, आक्का?”

“गंगापूरला गेली, आत्याकडं.”

“खोटं नको बोलू गं...”

“पाया पडते तुझ्या, शंकऱ्या. तुला काय दिसलंच नाय म्हण.”

मी आतून ऐकत होते. मग तो म्हणाला, “गल्लीत लेकरं लई हायेत, आक्का,” आणि ताटावरून उठला.

तट्ट्याच्या खोलीला कडी बाहेरून. माय तारेच्या कुंपणापलीकडं. तिला आत सोडत नव्हते. मामा रोज यायचा, तट्ट्याला पाठ लावून बाहेर बसायचा, बोलत राहायचा. मी आतून तोंडाला येतील त्या शिव्या घालायची त्याला. महिन्यानं सुटले ती डावा डोळा घालवून. गल्लीतल्या एकाही लेकराला देवी आल्या नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. मायला ते ऐकायचंच नव्हतं. “माझ्यापाशी असती तर डोळा वाचला असता,” एवढं एकच. मामानं कधी उलट उत्तर दिलं नाही. मला विचाराल तर त्या खोलीतून आम्ही तिघंही कधी पुरते सुटलो नाही.

चाळीस वर्षं दर भाऊबीजेला माय अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. मामा त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उगाच उभा असायचा. मला दिसायचा. मायलाही दिसत असणारच.

यंदाची भाऊबीज मामा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात आली. मायनं नीरांजन लावलं, तबक घेऊन अंगणात गेली. कोर मावळायला टेकली होती. ती नुसतीच उभी. मी जवळ गेले.

“ओवाळ ना, माय.”

“त्यो व्हता तवर ओवाळलं गं,” ती म्हणाली. “आता खरंच भाऊ नाय मला. आता कसं ओवाळू?”