बसवून ठेवलेला माणूस

कल्याणच्या कोर्टातली ती दुपार आठवते ती पाण्याखालून पाहिल्यासारखी. पंखे फिरत होते, वारा खाली पोचत नव्हता. खिडकीतला पिवळट उजेड फरशीवर हळूहळू सरकत होता आणि पुकारा करणाऱ्या शिपायाचा आवाज दुसऱ्याच कुठल्यातरी गावातून आल्यासारखा वाटत होता. बातमीसाठी मी मागच्या बाकावर बसलो होतो.

शेजारी दिवा स्टेशनजवळ राहणारी एक बाई होती. तिचा नवरा डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात कामाला. तिथली तांब्याची तार चोरल्याचा त्याच्यावर आरोप होता. पोलिसांनी त्याला सोमवारी सकाळी नेलं. कागदावर अटक मंगळवारी संध्याकाळची होती. आज बुधवार. पोलिसांना त्याची कोठडी हवी होती, तिला तो घरी हवा होता.

“सोमवारी अटक नाही हो केलेली,” ती नवऱ्याच्या वकीलबाईंना सांगत होती. “नुसतं बसवून ठेवलेलं. बिल्डिंगमध्येपण मी हेच सांगितलंय सगळ्यांना.”

“वहिनी, बिल्डिंगला काय सांगायचं ते सांगा. इथे तेवढं वाक्य गिळा.”

पकडलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे आणावं लागतं. ते तास कुठून धरायचे, एवढाच प्रश्न होता. आम्ही बातमीत ‘चौकशीसाठी ताब्यात’ लिहितो, नंतर ‘अटक’. घरोघरी म्हणतात, ‘बसवून ठेवलंय’. त्यात अब्रू शाबूत राहते.

न्यायाधीशांनी नवऱ्याला विचारलं, “अटक कधी झाली?”

“मंगळवारी संध्याकाळी, साहेब.”

बाईने समाधानाने मान डोलावली. वकीलबाईंनी डोळे मिटले.

“त्याआधी कुठे होतात?”

“चौकीतच. सोमवारपासून बसवून ठेवलेलं, बाकड्यावर.”

“मग घरी का नाही गेलात?”

त्याने वर पंख्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला स्वतःला कधी पडलाच नसावा.

“उठू कुठे दिलं, साहेब?”

तपास अधिकाऱ्याला सोमवार नाकारता आला नाही. न्यायाधीशांनी तास सोमवार सकाळपासून धरले, अटक बेकायदा ठरवली, कोठडी नाकारली. जातमुचलक्यावर सुटका झाली.

“म्हणजे केस संपली ना?” बाहेर आल्यावर बाईने वकीलबाईंना विचारलं.

“नाही. पोलिसांचं डांबून ठेवणं चुकलं. चोरीचा आरोप तसाच आहे, खटला चालणार. तारखेला यायचं.”

“मग बिल्डिंगमध्ये काय सांगू?”

“सोमवारीच अटक झालेली म्हणून सांगा. त्यामुळेच तर सुटले.”

बाईने ते मनाशी पुटपुटून पाहिलं. हे वाक्य जिन्यात कसं ऐकू जाईल, याचा ती अंदाज घेत असावी.

समोरच्या टपरीवाल्याने नवऱ्यापुढे स्टूल सरकवलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि चहा उभ्यानेच घेतला, सावकाश, रस्त्याकडे बघत. ग्लास रिकामा झाल्यावरही तो तसाच उभा होता.

“अहो,” ती शेवटी म्हणाली, “रिक्षात तरी बसाल ना?”