चुन्याखालची चित्रं

मी नदीवर धुणं धूत व्हते. शेजारची सखू आली ती पळत न्हाई, चालत आली, आन् तिच्या चालण्यावरूनच मला समजलं. घाई करण्याजोगं काही उरलं असतं तर ती पळाली असती. "आक्का, धुणं राहू द्या," म्हणली, "गेनू उठंना झालाय." मी हातातलं लुगडं पिळलं, पाटीत टाकलं आन् मंग वर गेले. अर्धवट पिळलेलं टाकून जायची मला सवय न्हाई. गेनू भिंतीकडं तोंड करून निजला व्हता, तसा तो रोजच निजायचा. ताप व्हता, काढा चालू व्हता... अंगावरची वाकळ तेवढी मी नीट केली.

गेनू माझा धाकटा भाऊ. आई गेली तवा तो रांगत व्हता. पुढं माझा नवरा गेला, मी माहेरी परत आले, तवापास्नं आमी दोघंच. त्याला जाऊन आता महिना होत आला. मधी दापोडीला, तो चित्रं काढाया जायचा त्या वर्गात, त्याच्यासाठी सभा झाली. मला पुढं खुर्ची दिली. त्याचा फोटू कुणाकडंच नव्हता, म्हणून फळ्यावर खडूनं नाव लिहून फळ्यालाच हार घातला व्हता. वर्गाच्या कमिटीचे सेक्रेटरी बोलले, की गेनू म्हणजे आपल्या वर्गाचा मोठा कलावंत, त्याच्या जाण्यानं आपलं घर सुनं झालं. मी ऐकून घेतलं. ज्या दारातनं त्याला भाईर काढला, त्याच दाराच्या आत बसून ऐकलं. मला कुणी बोलाया उभं केलं न्हाई. पेपरवाल्यांनी विचारलं, पुरवणीसाठी काही सांगता का, तर मी व्हय म्हणले. तिथं राहिलं ते हितं सांगते.

गेनू चाळिशीचा बाप्या झाला व्हता, पर समज पाच-सहा वर्साच्या लेकराची. लोक खुळा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे त्यांचं मला काही वाटलं न्हाई. चावडीवरची माणसं रोज विचारायची, "काय गेनूशेट, लगीन कवा?" आन् हा रोज सांगायचा, "दिवाळी झाल्याव." माणसं हसायची, हा बी हसायचा. त्याला एकदा काम दाखवलं, की ते तो तसंच करायचा, जन्मभर. दाखवाया मातर वेळ लागायचा. बैल सोडणं, पाण्यावर नेणं, परत बांधणं, हे मी त्याला शिकवलं. पोळ्याला शिंगं रंगवायची, गेरूत वाटी बुडवून अंगावर ठसे उठवायचे, ते बी त्याचंच. मंग आमची जमीन कारखान्याला गेली. जमीन न्हाई तर बैल कशाला, म्हणून बैल बी इकले. गेनू रिकाम्या गोठ्यात दावं हातात घेऊन बसाया लागला. बैल कुठं गेले ते त्याला सांगून कळलं असतं, पर का गेले ते मलाच धड सांगता येत नव्हतं.

एक दिवस बघते तर गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं बैल. एक न्हाई, भिंतभर. समदे पाठीमागनं काढलेले, शेपूट, फऱ्या आन् वर शिंगांची टोकं. मी म्हणले, "अरं, ह्यांना तोंडं न्हाईत व्हय?" तर म्हणला, "हायेत की. पुढं चाललेत." जन्मभर बैलांच्या मागनं चाललेला माणूस, त्याला दिसलं तेच त्यानं काढलं.

ती भिंत वर्सभर तशी राहायची. दिवाळी आली, की गेनू स्वताच चुना कालवायचा आन् समदी भिंत पांढरी करायचा. मीच शिकवलं व्हतं. सणाच्या आधी, पाव्हणे यायच्या आधी भिंतीला हात द्यायचा. वर चुना, खाली जमिनीलगत गेरूचा पट्टा. पोतेरं, चुना, गेरू, आमच्या गावात बाईमाणसाचं निम्मं आयुष्य त्यात जातं. आपण काढलेले बैल चुन्याखाली गेले म्हणून गेनू कवा रडला न्हाई. भिंत पांढरी झाली म्हणजे परत काढाया जागा झाली, एवढंच. भाऊबीज झाली की परत कोळसा घेऊन हजर.

ते बैल बघितले सुमतीबाईनं. ती कारखान्यातल्या एका विंजनेराची बायको. तिची थोरली भन अशीच व्हती, म्हणून ती गावोगाव हिंडून विचारायची, घरात कुणी असं माणूस हाय का. लोक दार लावून घ्यायचे. "आमच्यात कुणी खुळं न्हाई," म्हणायचे, आन् आतनं त्याच खुळ्याचा आवाज यायचा. माझ्या दारात आली तवा मी म्हणले, "माझ्याकडं हाय एक. काय करणार त्याचं?"

"चित्रं काढायला शिकवीन."

"चित्रं पोटाला लागत्यात व्हय?"

"नाही," म्हणली. "पण आक्का, सकाळी उठून त्याला कुठंतरी जायला तर मिळेल."

ते मला पटलं. बायांना पाणवठा असतो, बाप्यांना चावडी असते. गेनूला गोठ्याबिगर ठिकाण नव्हतं.

दापोडीला रेल्वेच्या अंगाला लाकडाची एक जुनी वखार व्हती, तिथं वर्ग भरायचा. गावातल्या चार मोठ्या माणसांची कमिटी व्हती, ती जागा द्यायची, रंग द्यायची. वर्गाला येणारी बी समदी मोठीच माणसं, कमिटीवाल्यांसारखी दाढ्यामिशा आलेली, समज मातर गेनूसारखी. एक मारुती व्हता, ग्यांगमनचा भाऊ, तो रेल्वेचं इंजिन काढायचा, दुसरं काही न्हाई. एक शांता व्हती, लगीन होऊन परत आलेली, ती नुसते गोल काढायची, कागद भरंपर्यंत गोल. सुमतीबाई कुणाच्या चित्राला हात लावायची न्हाई. मी विचारलं, "बाई, तुमी सुधरवत का न्हाई?" तर म्हणली, "मी सुधरवलं तर ते माझं होईल." काढलेले कागद खळीनं भिंतीला चिकटवायची. वर्सात भिंत दिसंना झाली.

गेनू पहाटं उठून आंघोळ करायचा. पटका बांधाया मला लावायचा आन् नीट बसला न्हाई तर परत सोडाया लावायचा. चावडीवरनं जाताना कुणी लगनाचं विचारलं तर थांबायचा न्हाई. "कामाला चाललोय," म्हणायचा. नदी उतरून, रुळाच्या कडेकडेनं एकटा जायचा आन् एकटा यायचा. माणूस ताठ चालाया लागला. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते.

मंग गेल्या दिवाळीच्या तोंडावर कमिटीनं ठरवलं, की मुंबईचे कुणी मोठे पाव्हणे आणायचे आन् त्यांना भिंतीवरची चित्रं दाखवायची. आदल्या दिवशी समद्यांना जेवण ठेवलं व्हतं. मी वाढायला गेले व्हते. सकाळधरनं गडी लागले व्हते, अंगणातल्या दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना चुना आन् गेरू, मोठं माणूस यायचं म्हणजे करत्यात तसं. सेक्रेटरी मधी उभं राहून समद्यांना म्हणले, "उद्या पाहुणे येणार आहेत. भिंती बघून खूश झाले पाहिजेत. काही कमी राहायला नको." सुमतीबाई टेशनावर गेली व्हती सामान आणाया. पंगत चिंचेखाली बसली. जिलबी व्हती, त्यामुळं कुणी लवकर उठलं न्हाई. गेनू जेवला आन् उठला. मला वाटलं, हात धुवाया गेला.

पंगत उठली तवा तो वखारीच्या दारात उभा व्हता. भुवयांवर चुना, पटक्यावर चुना. मला बघून म्हणला, "झालं, आक्का."

आत गेलो. चारी भिंती पांढऱ्या. हात पोचला तिथवर एक कागद सोडला नव्हता. इंजिनं, गोल, त्याचे स्वताचे बैल, समदं खाली. जमिनीलगत गेरूचा पट्टा सरळ, कुठं वाकडा न्हाई. घरच्यापेक्षा चांगलं काम केलं व्हतं.

मारुती भिंतीला डोकं लावून रडाया लागला. ते खरंच वाईट व्हतं, मी न्हाई म्हणत न्हाई. त्याचं इंजिन गेलं व्हतं. गेनूला कळंना हा का रडतोय, त्यानं हातातला कुंचा मारुतीला देऊ केला. शांतानं मातर भिंतीकडं बघितलं, कोळसा उचलला आन् वल्या चुन्यावर गोल काढाया बसली. सेक्रेटरींचा आवाज चढला. "कुणी आणलं ह्या खुळ्याला इथं?" म्हणले. वर्स झालं तो येत व्हता, त्यांच्याच हातनं त्यानं पंद्रा ऑगस्टला पेढा घेतला व्हता. मी पुढं होऊन म्हणले, "सायेब, पाव्हणे यायच्या आधी आमी भिंतीला चुना देतो. तुमीच म्हणला, भिंती बघून खूश झाले पायजेत."

"आक्का, तुम्ही मधे बोलू नका."

मी गेनूला घेऊन घरी आले. त्याचे हात चुन्यानं सोलले व्हते, त्यांना खोबरेल लावलं. रस्ताभर तो विचारत व्हता, "उद्या पाव्हणे येणार ना?"

पाव्हणे आले. सुमतीबाईनंच मला सांगितलं, नंतर घरी आली तवा. पाव्हण्यांनी आत डोकं घातलं, चार भिंती बघितल्या आन् म्हणले, "जागा फार स्वच्छ ठेवली आहे हो." चहा घेतला, हार घेतला आन् गेले. ती स्वच्छता कुणी केली ते कुणी सांगितलं न्हाई. कमिटीनं मान डोलावली आन् संध्याकाळी ठराव केला, की गेनूला परत येऊ द्यायचं न्हाई, तो नासधूस करतो. सुमतीबाई माझ्या चुलीपुढं बसून रडली. म्हणली, "माझं तिथं काही चालत नाही, आक्का." मी तिला भाकरी वाढली. खोटं बोलत नव्हती ती. पर तिथं बोलाया तिला कुणी अडवलं व्हतं का, ते मी विचारलं न्हाई. उन्हाळ्यात नवऱ्याची बदली झाली, ती गेली. वर्गात आता खुर्च्यांना वेत विणत्यात.

गेनूला ठराव कुठनं कळणार. तो रोज पटका बांधून निघायचा. चौकीदार दार उघडत नव्हता, तर समोर लिंबाखाली बसायचा आन् वर्ग सुटला की उठून घरी यायचा. माणसं म्हणायची, आक्का, त्याला अडवा. कशानं अडवू... गोठ्यातल्या दाव्यानं? एकदा त्यानं मला विचारलं, "आक्का, माझं काय राहिलं?" त्याला वाटत व्हतं, चुना कुठंतरी कमी पडला. एखादा कोपरा राहिला असंल, म्हणून आत घेत न्हाईत. मी म्हणले, "काही राहिलं न्हाई, समदं नीट झालंय." तर म्हणला, "मंग?" पावसाळा आला तरी तो जायचा, गोणत्याची खोळ घेऊन लिंबाखाली बसायचा. भादव्यात ताप आला. तापात बी पटका मागायचा.

माझं काय चुकलं ते मी लई इचार करून बघितलं. मी त्याला चुना द्यायला शिकवलं, ते समदं गाव करतं. चूक माझी न्हाई, आन् त्याची तर न्हाईच न्हाई.

सभेनंतर आठवड्यानं सेक्रेटरी घरी आले. वर्गात गेनूचं एक चित्र लावायचं म्हणले, आन् तिथलं तर एक बी राहिलं न्हाई, भिंती खरवडून कागद बंबात गेले. "घरी एखादं असेल ना?" मी त्यांना गोठ्यात नेलं. भिंतभर बैल, ह्या वर्साचे, पाठमोरे. ते टोपी काढून उभे राहिले.

"हे तर भिंतीवर आहे."

"त्याला कागद कोण देणार, सायेब? तुमी बंद केला व्हता."

सेक्रेटरी मंग म्हणले, "आक्का, फोटोग्राफर आणतो मी. हे जपून ठेवा. ह्याला आता हात लावायचा नाही."

"ह्या दिवाळीला दुखवटा हाय," मी म्हणले. "चुना लागणार न्हाई. पुढल्या दिवाळीला लागंल."

"अहो, त्याच्या हातचं आहे हे!"

"चुना बी त्याच्याच हातचा व्हता. तवा चालला न्हाई तुमाला."

त्यांनी टोपी घातली आन् गेले. फोटोग्राफर अजून आला न्हाई. यील न यील.

गावात घरोघर भिंती पांढऱ्या झाल्यात, आमची तेवढी तशीच हाय. चुन्याचा कुंचा गेनूनं घायपात ठेचून स्वता केला व्हता, तो गोठ्यात आढ्याला खोवलेला हाय. त्यानं तो त्याच्या उंचीनं खोवलाय, माझा हात तिथं पोचत न्हाई. काल काढाया गेले, धुवून ठेवावा म्हणून. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, तर त्याचंच नाव आलं... मंग तसाच राहू दिला.