चौकटोबाचं धोतर

खरं सांगा, गूढ अनुभवांच्या या सदरातला एक तरी अनुभव तुम्ही कधी तपासून पाहिलाय? नाही ना? वाचायचं, अंगावर काटा आणायचा, चार जणांना फॉरवर्ड करायचं... संपलं. मला या प्रकाराचा तिटकारा आहे. मामाने मला वाचायला शिकवलं तेच बुवाबाजीविरुद्धच्या पत्रकांवर. तरी आज मी इथे लिहितेय, याची चीड सगळ्यात जास्त मलाच आहे.

आमचं घर वाराणसीत, रामघाटाच्या वरच्या गल्लीत. बाबा पुरोहित. महाराष्ट्रातले यात्रेकरू खालच्या खोल्यांत उतरतात. या घरात मुलींना पौरोहित्य नाही, आणि मला ते नकोच आहे. पण रविवारी आम्ही मित्रमैत्रिणी एक कल्पनेतला खेळ खेळतो — एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, फासे टाकून लढतात. त्यात मी पुजारीण आहे. मुद्दाम! देवही माझाच : चौकटोबा, कारण आमचे नकाशे चौकटीच्या कागदावर असतात.

पुजारणीकडे मंत्र ढीगभर, आणि ऐन लढाईत हवा तो सापडत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी कार्डं करायला बसले. पुढे मंत्राचं काम, तो किती लांब पोचतो, किती वेळ टिकतो. मागे म्हणायच्या ओळी. बरं करणारे हिरवे, रक्षणाचे निळे, शाप लाल. बाबांच्या पोथ्या कधी इतक्या नीट लावलेल्या नव्हत्या. ओळी मराठीत, कारण बाकी कुणाला मराठी येत नाही, काहीही खपतं. तापाच्या कार्डावर लिहिलं आणि चाल जमते का म्हणून मोठ्याने म्हटलं :

उतर ज्वरा, पायरी उतर,
चौकटोबाचं सोड धोतर,
ओल्या अंगानं पल्याड जा —

चौथी ओळ डोक्यात होती. फारच येडपट वाटली, म्हणून लिहिली नाही. उच्चारलीही नाही.

"आंधळ्या उंटाला मामा म्हण जा," दारातून आवाज आला.

तीच ओळ. शब्दन् शब्द.

दारात खालच्या खोलीतल्या आजी. साताऱ्याकडच्या, आदल्याच दिवशी तापलेल्या नातीला घेऊन उतरलेल्या.

"श्येवटचं का गाळलंस गं पोरी? त्याबिगर लागू पडतंय व्हय?"

"आजी, हे मी आत्ता बनवलंय. खेळ आहे हा."

"बनवलंय म्हनं! माझी आई म्हनायची. आन् चौकटोबा आमच्या बांधावर हाय की... चौकोनी दगूड."

मी धावत खाली गेले. मुलगी फणफणलेली, हातावर लाल ठिपके.

"दवाखान्यात चला."

"आता दवाखाना कशाला? तूच म्हन. तुज्या तोंडात हाय."

बाबा म्हणाले, "अगं, बोलून टाक ना. तुझं काय बिघडतंय?"

"माझं नाही बाबा, या पोरीचं बिघडेल!"

"काय बिघडतंय"... याच दोन शब्दांवर आमच्या गल्लीतल्या चुली पेटतात. पण आजी नातीला सोडेनात. शेवटी मी म्हटलं, "रिक्षात बसा, तिथे म्हणते." पोरीला उचलून रस्त्यापर्यंत नेलं आणि ई-रिक्षात, दातओठ खात, चारही ओळी म्हटल्या. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "दीदी, हमारे घुटने का भी कोई है?"

डेंग्यू निघाला. "शाम तक रुकतीं तो मुश्किल हो जाती," डॉक्टर म्हणाले. सलाईनवर पोर सावरली. आजी मात्र मला म्हणाल्या, "बघ, उतरवलास का न्हाई!"

मामा म्हणतो, योगायोग. आंधळ्या उंटाचा योगायोग? लहानपणी कानावर पडलं असेल म्हणावं, तर आई-बाबांनी हे कधी ऐकलेलं नाही. आणि देवाचं नाव तर चौकटीच्या कागदाकडे बघून मी ठेवलेलं. तरी तुमच्या भुताखेतांची उसनवारी मी करणार नाही. आजींचं गावही सांगणार नाही. उद्या तिथे नारळांची रास पडेल.

त्यापेक्षा एक काम करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फक्त पहिली ओळ म्हणून दाखवा आणि पुढची विचारा. देवाचं नाव तुम्ही सुचवू नका. त्यांच्या तोंडून आलंच, तर कुणाकडून शिकले ते विचारून या सदराला कळवा. मात्र घरात कुणाला ताप असेल, तर आधी डॉक्टर गाठा. ओळी कुठे पळून जात नाहीत.