आधी वय सांगा

पाचोडच्या बाजारात कोंबड्यांची औषधं विकणारे चाचा दुखणं ऐकायच्या आधी वय विचारायचे. "पिल्लू हाय का जुनी कोंबडी?" कोवळ्या अंगात औषध झटकन भिनतं, म्हाताऱ्या अंगात रेंगाळतं, असं त्यांचं म्हणणं. मी अंदाजानं वय सांगितलं, की ते कोंबडीच्या पायावरचे खवले अंगठ्यानं चाचपायचे आणि खुदकन हसायचे, "झूठ!" मगच बाटली काढायचे.

परवा ते गारखेड्यात त्यांच्या मुलाच्या घरी भेटले. त्यांनी नुकतीच गोळी घेतली होती.

"गुण येतोय का, चाचा?"

"येतो, पण लई सावकाश." मग पायजमा वर ओढून त्यांनी पाय माझ्यापुढं केला. "चाचपून सांग, वय काय?"

मी अंगठा फिरवला. कातडी खवल्यांसारखीच खरखरीत लागली. मी बरंच कमी सांगितलं.

"झूठ!" म्हणाले, आणि तसेच खुदकन हसले.